जर्मनीला जाऊन आलेला लोड सेल

देवसाहेबांनी आमचा लोड सेल हातात घेतला, उलटा केला, मागचं 'मेड इन इंडिया' वाचलं आणि टेबलावर ठेवून दिला.

"चांगलाय," ते म्हणाले. "पण आम्हाला इम्पोर्टेडच लागतो."

"साहेब, अजून तुम्ही टेस्टही केली नाहीत."

"करू की. पण रिझल्ट चांगला आला तरी शंका राहणारच ना, मॅडम?"

देवसाहेब चाकणकडच्या एका मोठ्या कारखान्याचे क्वालिटी हेड. त्यांच्या प्रेस मशीनमधला जर्मन लोड सेल बंद पडला होता आणि नवा यायला कित्येक महिने लागणार होते. लोड सेल म्हणजे वजनकाट्याच्या पोटात असतो तो धातूचा ठोकळा. त्याच्यावर किती भार पडला ते तो सांगतो. तो मी आणि माझा पार्टनर इम्तियाज बागवान पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या आमच्या शेडमध्ये बनवतो. कॉलेजपासूनची आमची जोडी. पण ही ऑर्डर गेली तर शेड बंद, असं इम्तियाजने घरी सांगूनही टाकलं होतं. पुढे तो परदेशातला माल आणून विकणार होता.

"खोका उघडायचा, आपलं स्टिकर लावायचं, खोका बंद करायचा," तो म्हणायचा. "इंजिनिअर असून एवढंही जमणार नाही का मला?"

अखेर टेस्ट झाली. आमचा सेल पास झाला. देवसाहेबांनी ती पुन्हा करायला लावली. पुन्हा पास. तिसऱ्यांदाही आकडे तेच आले, तेव्हा ते गंभीर झाले.

"आमचं टेस्टिंग मशीन बिघडलेलं दिसतंय," ते म्हणाले.

इम्तियाजने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

शेवटी त्यांनीच तोडगा काढला. सेल जर्मनीतल्या लॅबमधून कॅलिब्रेट करून आणायचा. कॅलिब्रेशन म्हणजे नेमका माहीत असलेला भार ठेवायचा आणि सेल तेवढाच दाखवतो का ते बघायचं. हे पुण्यातही होतं, आणि उत्तम होतं.

"साहेब, किलो तिथेही हजार ग्रॅमचाच असतो," इम्तियाज म्हणाला.

"असेल. पण त्यांचा किलो त्यांचा असतो."

माझं डोकं इतकं तापलं होतं की परतताना गाडी इम्तियाजलाच चालवायला दिली. पण सेल पाठवला. न पाठवून सांगता कोणाला?

काही दिवसांनी लॅबमधून फोन आला. एक माणूस फाडफाड इंग्रजीत वायरिंगबद्दल विचारत होता. मी माझ्या इंग्रजीत समजावलं. तो एकदम मराठीवर आला.

"मॅडम, आपण पुण्याच्या का?"

"हो. तुम्ही?"

"कोथरूड. निखिल कुलकर्णी."

मग काय, गप्पाच सुरू झाल्या. हा सेल कोणासाठी आहे हे सांगितल्यावर तो हसायलाच लागला. निखिल पूर्वी त्याच कारखान्यात, देवसाहेबांच्याच हाताखाली टेस्टिंगला होता.

"अजून प्रत्येक टेस्ट तीनदा करतात?" त्याने विचारलं.

"करतात."

"माझा एकही रिपोर्ट त्यांनी कधी धड मानला नाही हो. बाहेरून तपासून आणा, म्हणायचे. शेवटी मीच बाहेर आलो."

सर्टिफिकेट आलं. आकडे अर्थातच तेच होते. देवसाहेबांनी जाड कागदावरून बोट फिरवलं आणि खालची सही वाचली.

"अरे, हा तर आपला निखिल," ते खूश होऊन म्हणाले. "बघा, तिकडे गेल्यावर माणूस कसा तयार होतो."

ऑर्डर मिळाली. अट एकच, प्रत्येक सेल जर्मनीला जाऊन आला पाहिजे. त्यामुळे आमचा माल आता मांजरीहून चाकणला जर्मनीमार्गे जातो. शेड वाचली. इम्तियाजची इम्पोर्ट करायची हौसही भागतेय, फक्त माल आपलाच असतो. मला अजून राग येतो, आणि तो यावा असंच मला वाटतं. नवे उद्योजक सल्ला विचारायला येतात, त्यांना मी सांगते की डिझाइनला बसण्याआधी कुरिअरवाल्याशी बोलून घ्या.

मध्यंतरी निखिल सुट्टीवर आला होता तेव्हा शेड बघायला आला. मशीनवरून हात फिरवत बराच वेळ रेंगाळला. न राहवून मी विचारलं, "परत येतोस का? आम्हाला माणूस हवाय."

"मनात खूप आहे," तो म्हणाला. "पण मी इथे आलो तर माझ्या सहीला कोण विचारणार?"