पानीपुरवठा

"खरं सांगा म्याडम. पन हलू सांगा."

असं म्हणून ते पेनाचं टोपण माझ्या काउंटरवर तीनदा वाजवायचे आणि मान वळवून उजवा कान पुढे करायचे. डोळे मात्र भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. मी जे काही सांगणार ते कानावर पडावं, तोंडावर पडू नये, अशी ती व्यवस्था होती.

तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल. रक्ताचा रिपोर्ट दुसऱ्याला उघडायला द्यावा, तसे स्वतः लिहिलेले कागद देणारा.

विरारच्या फुलपाड्यात माझं टायपिंगचं दुकान आहे. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, सोसायट्यांच्या नोटिसा. नवरा-बायकोची वकिली नोटीस माझ्याकडेच टाइप होते आणि समेट झाला की सत्यनारायणाचं निमंत्रणही. मला मजा येते. लोकांच्या चुका दुरुस्त करण्यात तर फारच मजा येते. शुद्धलेखनात मला शाळेत बक्षीस मिळालं होतं, हे मी गिऱ्हाइकाला पहिल्या पाच मिनिटांत सांगते.

भाऊ (मी त्यांना भाऊच म्हणायचे) राहायचे नायगावला, मिठागराच्या गावात. तिकडे चार टायपिंगवाले असताना हा माणूस विरारपर्यंत का आला? कारण आपण कादंबरी लिहितो हे गावात कळायला नको होतं. काही काही दुखण्यांसाठी माणसं मुद्दाम लांबच्या डॉक्टरकडे जातात, तसं.

ते पाणीखात्यातले निवृत्त कारकून. नळजोडणी, मीटर, तक्रार अर्ज यांतच सगळी नोकरी गेली. "हापिसात पाणी, घरात पानी," असं ते स्वतःच म्हणायचे आणि खांदे उडवत हसायचे. ऑफिसातला 'ण' ते जिभेवर ठेवून, जपून उच्चारायचे. बोलण्याच्या भरात आले की तो निसटायचा आणि त्याच्यामागोमाग 'ळ' पण जायचा.

कादंबरी त्यांच्या आईची होती. मिठाच्या टोपल्या वाहून पाय चिरलेली बाई. कागद मीटरच्या जुन्या वह्यांतले, मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलेले. मी टाइप केलं आणि करता करता, बक्षीसपात्र बाईच ना मी, आईच्या तोंडची सगळी 'पानी' पाणी करून टाकली. 'आनि'ची आणि. 'कोन'चं कोण.

पहिलं प्रूफ त्यांनी तिथेच उभ्याने वाचलं. टोपण वाजलं नाही. मग प्रूफ काउंटरवर ठेवून म्हणाले, "म्याडम, तुम्ही माझी आई सुधारली."

मला वाटलं, कौतुक आहे.

"ती अशी नाय बोलायची," ते म्हणाले. "मानसं बोलतात तिथं न ठेवा. मी सांगतो तिथं ण. एवढंच करा. बाकी सगलं झकास हाय."

आता माझं पाप सांगते. ऐन लग्नसराई होती. पत्रिकांचा ढीग पडलेला. प्रकाशन ठरलेलं, गावच्या देवळाच्या सभामंडपात, पंचवीस खुर्च्या सांगितलेल्या. संगणकात एक सोय असते. जुना शब्द द्यायचा, नवा शब्द द्यायचा, बटण दाबायचं. अख्ख्या पुस्तकात एका दमात बदल. मी 'पाणी'च्या जागी 'पानी' दिलं. 'आणि'च्या जागी 'आनि'. 'पण'च्या जागी 'पन'. बटण दाबलं आणि पत्रिकांकडे वळले.

यंत्राला काय, आई कोण आणि लेखक कोण हे कुठून कळणार? लेखकाचं निवेदनही आईसारखं बोलू लागलं. 'आपण'चं 'आपन' झालं. खात्याच्या सरकारी पत्रात 'पानीपुरवठा विभाग' आला. आणि पहिल्याच पानावर, जिथे मी डोळाही टाकला नव्हता, 'अर्पण' शब्दाच्या पोटात 'पण' लपलेला होता. तिथे छापून आलं: 'आईस अर्पन'.

शेवटचं प्रूफ भाऊ घरी घेऊन गेले, पण वाचलंच नाही म्हणाले. सही केली. "तुमच्यावर भरोसा," म्हणाले.

प्रकाशन झालं. पेढे वाटले. आणि काही आठवड्यांनी एका पेपरच्या रविवारच्या पुरवणीत, चार पुस्तकांच्या दाटीत, त्यांच्या पुस्तकावर मोजक्या ओळी आल्या. मला त्या पाठ आहेत. पाठ व्हाव्यात इतक्या वेळा त्या मला ऐकवण्यात आल्या.

"'आईस अर्पन'पासूनच वाचकाला ठेच लागते. सरकारी पत्रातही 'पानीपुरवठा'! लेखकाला ण आणि न यांतला फरकच कळत नाही. मिठागराची ही कथा शेवटी अळणीच राहते."

भाऊ सोमवारी सकाळी दुकान उघडायच्या आधीच दारात होते. हातात पेपरांचा गठ्ठा. नायगाव स्टेशनच्या स्टॉलवरचे त्या पेपरचे होते नव्हते तेवढे अंक त्यांनी उचलले होते, कुणाच्या हाती लागू नयेत म्हणून.

"विरारला पन घेतो आता," म्हणाले. "वसईला राहिले असतील का?"

"भाऊ, पेपर मुंबईभर जातो."

"मुंबईत मला कोन ओलखतो? इकडचे मिलाले की झालं."

मी हसले. तेव्हा हसायला आलं मला. मग त्यांनी तो मजकूर वाचून दाखवला, एकेक शब्द, आणि 'पानीपुरवठा'वर थांबून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. नुसतं पाहिलं. त्या क्षणी बोलायला हवं होतं मी. मी म्हणाले, "चहा सांगू?"

पुढचं तुम्हाला खरं वाटणार नाही, पण मी डोळ्यांनी पाहिलंय. गावच्या मंडळाला एवढंच कळलं की आपल्या माणसाचं नाव पेपरात छापून आलं. कुणाच्या तरी मोबाइलवर कात्रणाचा फोटो होता. त्याचा त्यांनी फ्लेक्स केला! नायगावच्या नाक्यावर, दहा फुटी. वर 'गावाचा अभिमान', खाली पदाधिकाऱ्यांचे हसरे फोटो, कडेला हार घातलेले भाऊ, आणि मधोमध हाताएवढ्या अक्षरांत 'अळणीच राहते'.

वाचलं कसं नाही कुणी? अहो, फ्लेक्स कोण वाचतं? फ्लेक्सवर माणसं आपला फोटो शोधतात.

"हलू सांगा म्हनलेलो," भाऊ मला म्हणाले. "यांनी दहा फुटांत सांगितलं."

काढायला सांगा म्हटलं तर मान हलवली. "कसं सांगू? प्रेमाने लावलाय. काढा म्हनलं तर विचारतील का. मग वाचतील." रोज मिठागराच्या बांधावरून लांबचा फेरा घालून ते स्टेशनला येऊ लागले. वाटेत कुणीतरी हात जोडायचंच, "लेखकसाहेब, अभिनंदन!" हे 'आभारी आहे' म्हणायचे. 'आहे' म्हणायचे, 'हाय' नाही. ते माझ्या उशिरा लक्षात आलं.

मग संपादकांना पत्रं सुरू झाली. मी टाइप करायची, ते सांगायचे. पहिल्या पत्रात त्या परीक्षकाला मिठागरात अनवाणी चालायचं आव्हान होतं. दुसऱ्यात बोलीभाषेवर व्याख्यान. तिसऱ्यात विनंती. पाचव्यापर्यंत ते माफी मागू लागले होते. सातवं पत्र मी अजून जपून ठेवलंय. त्यात एकच वाक्य आहे: 'आपला अंक मिळाला.' तेही त्यांनी पाठवलं नाही.

दुसरी कादंबरी सुरू होती त्यांची. बायकोवर. पहिली वीस पानं माझ्याकडे टाइपला आलेली होती, आणि खोटं नाही सांगत, ती पहिल्या पुस्तकापेक्षा सरस होती. त्यातली बाई नुसती बोलली तरी हसू यायचं. एक दिवस भाऊ ती पानं परत घेऊन गेले.

"थोडी शुद्ध करून आणतो."

'आणतो.' ण अगदी स्वच्छ.

त्यानंतर ते आले नाहीत. आली ती त्यांची बायको. मी तिला पहिल्यांदाच पाहत होते. पण ती बोलू लागली आणि मी ओळखलं. वीस पानं टाइप केली होती ना तिची.

"तुम्हीच का गो त्या टायपिंगवाल्या बाय?" ती म्हणाली. "आमचा मानूस बिगडलाय. घरान पन हापिसातला बोलतंय. काल मना म्हनाला, 'जरा पाणी आण.' चालीस वर्सांत पयल्यांदा! मी मागं वलून बगितला, मना वाटला कोन पावना आलाय."

मी हसले. तीही हसली. मग पदराने तोंड पुसता पुसता ती रडायला लागली.

"जेवत नाय धड. निल्या पेनान पुस्तकं रंगवतंय दिसभर. लोकांना दिलेली पन घरोघर जाऊन मागून आनली. तुमचा ऐकतंय तो. सांगा ना काय तरी."

दुसऱ्या दिवशी मी दुकान बंद ठेवलं आणि नायगावला गेले. ओटीवर भाऊ बसले होते, दोन्ही बाजूंना पुस्तकांच्या थप्प्या. एकेक प्रत घ्यायची, पहिल्या पानावर 'अर्पन'चं 'अर्पण' करायचं आणि शेवटच्या पानापर्यंत प्रत्येक न चा ण. निवेदनातला, पत्रातला आणि आईच्या तोंडचाही. अंगणात चुलीच्या लाकडांवर तो फ्लेक्स अंथरलेला. वाऱ्याने फाटल्यावर मंडळाने आणून दिला होता. त्यांच्या बायकोला वाचता येत नाही, तरी तिने अक्षरांची बाजू आत घातली होती.

"भाऊ, आई बोलते तिथला न तरी ठेवा."

"नको. सगळं सारखं करू. माणसाने काय ते एक ठरवावं."

शेजारी त्या वीस पानांची वही पडली होती. मी उचलून पाहिली. त्यातली बाई आता नवऱ्याला 'आपण जेवलात का?' असं विचारत होती. रेडिओवरच्या बातम्यांसारखी.

मग मी सांगितलं. ते बटण, ती लग्नसराई, सगळं. आयुष्यात पहिल्यांदा गोष्ट सांगताना मी हातवारे केले नाहीत.

"ठाऊक हाय," ते म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो ना. पेपर वाचून दाखवला तवा, हलू बोललो." पेनाचं टोपण त्यांनी एकदाच ओटीवर वाजवलं. "पन सही माझी हाय, म्याडम. आनि खरं सांगू? ते प्रूफ मी वाचलेलं."

मी वही खाली ठेवली.

"सगलं वाचलं. पयल्या पानापासून. मला चूक दिसलीच नाय. अर्पन वाचलं, बरोबर वाटलं. पानीपुरवठा वाचलं, बरोबर वाटलं. जलमभर ज्या खात्यात बसलो त्याचं नाव, म्याडम! म्हनून सही केली, आनि तुम्हाला सांगितलं भरोसा म्हनून." त्यांनी हातातली प्रत मिटली. "तो मानूस खोटं नाय बोलला. मला फरक कलत नाय. मग मी लिवायचं कशाला?"

त्याला आता माझ्याकडे उत्तर आहे. रोज रात्री नवं सुचतं. तेव्हा मी एवढंच म्हणाले की आपण पुन्हा छापू, मी अक्षर न् अक्षर तपासते. ते म्हणाले, "बगू." आणि पुढची प्रत उचलली.

बाईने चहा आणला. कपबशी ठेवताना मुद्दाम मोठ्याने म्हणाली, "पानी देऊ का?" त्यांनी मान खालीच ठेवली. "पाणी," ते हळूच म्हणाले. तिला नव्हे, स्वतःला.

पावसाळ्यानंतर ते गेले. काही मोठं दुखणं नव्हतं. दुपारी जेवून पडले ते उठले नाहीत. मला महिन्याने कळलं, बाई दुकानात आली तेव्हा. तिच्या पिशवीत एक प्रत होती.

"तुमचं नाव लिवलंय म्हनं वर. पोरीनं वाचून सांगितला."

पहिल्या पानावर निळ्या शाईत माझं नाव आणि खाली: 'खरं सांगितलंत. आभारी आहे.' मी पानं उलटली. प्रत्येक पानावर निळे ण. त्यांचं अक्षर कारकुनी, रेघेत चालणारं. एकही न सुटला नव्हता. मी पोचले शेवटच्या पानापाशी, जिथे आई मिठागराच्या बांधावर आडवी झालेली आहे, टोपली उपडी पडली आहे आणि ती मुलाला हाक मारते.

तिथे त्यांनी न चा ण केला होता. मग तो खोडून न. तो खोडून पुन्हा ण. वर पुन्हा न. किती वेळा, ते कळत नव्हतं, कारण कागद फाटला होता. 'पा' आणि वेलांटीच्या मध्ये एक भोक होतं, कडा निळ्या झालेलं, आणि त्यातून मागच्या पानाचा कोरेपणा दिसत होता.

"काय लिवलाय तिथं?" बाईने विचारलं. ती माझ्या बोटाकडे पाहत होती. "तुम्ही थांबल्या म्हनून इचारते."

लोकांना हसवणारा, रडवणारा, वकिलाची नोटीस रंगवून वाचणारा माझा आवाज आलाच नाही. जो आला त्यात मी वाचलं, हलू वाचलं:

"बाला, पानी दे रं."

बाईने मान डोलावली.

"हां," ती म्हणाली. "सासू अशीच बोलायची."