गल्लीत आमचं दार सोडून

माझ्या कॉलेजातल्या मित्राने मला फसवलं. त्याने सगळी गल्ली जागी केली आणि मला तेवढं झोपू दिलं.

बांगलादेशच्या लढाईचे दिवस होते. आम्ही जबलपूरला, तोफगोळ्यांच्या कारखान्याच्या मागच्या वस्तीत राहत होतो. वस्तीत घड्याळाकडे कुणी बघत नसे. कारखान्याचा भोंगा वाजला की उठायचं, वाजला की डबा घेऊन निघायचं, वाजला की पोरांना घरात बोलवायचं. लढाई लागली आणि भोंगा फक्त विमानांच्या इशाऱ्यासाठी राखून ठेवला. पाळीचा भोंगा बंद. त्यावर वाढलेली माणसं बिनघोर झोपून राहू लागली आणि पाळ्या चुकू लागल्या. मग ठरलं की ज्याच्याकडे गजराचं घड्याळ आहे त्याने काठी घेऊन गल्लीतून फिरायचं आणि प्रत्येक दारावर दोन ठोके द्यायचे.

आमच्या गल्लीत गजर मित्राच्या घरी होता. तो ठोके द्यायचा आणि वर ओरडायचा, “उठा हो, देश वाट बघून राहिला.”

आमचा बी.एस्सी.चा निकाल नुकताच लागला होता. कारखान्यात सुपरवायझर घेत होते, सकाळी परीक्षा होती, आम्हा दोघांनाही बोलावणं आलं होतं. त्या दिवसांत फाटक एकदा बंद झालं की कुणासाठी उघडत नसे. आदल्या दिवशी मी त्याला बजावलं, “आधी माझं दार वाजव.” तो म्हणाला, “तुझं आधी, मग माझ्या बापाचं.”

मला जाग आली तेव्हा भिंतीवर ऊन होतं. बाबा रात्रपाळीहून यायचे होते. आई चुलीपाशी होती, चहा उकळत होता. मी सदऱ्याची बटणं लावत पळालो. फाटकावर बंदूकवाला शिपाई उभा होता. त्याने हातानेच सांगितलं, वापस जाओ. मित्र आत बसून पेपर लिहीत होता.

तो पास झाला. पुढे कारखान्यात साहेब झाला, क्वार्टर मिळालं, पेन्शन मिळाली. मी कारखान्याच्या भंगाराच्या लिलावात उभा राहू लागलो. जुने टायर, ताडपत्र्या, दारूगोळ्याचे रिकामे खोके. खोक्यांचं लाकूड असं पक्कं की जबलपूरच्या अर्ध्या दुकानांची फडताळं त्यातून निघाली. लिलावात माझ्यासमोर बोली लावायला लोक कचरत, कारण मी भांडायला लागलो की थांबत नसे. ज्या फाटकातून मला परत पाठवलं त्यातूनच ट्रक भरून बाहेर काढायचा, या हट्टावर माझं दुकान उभं राहिलं, पुढे विजय नगरात घरही झालं. कुणाचं देणं ठेवलं नाही. पण तो राग ठेवला.

आमच्या वर्गातली जी उरली आहेत ती दर थंडीत एकदा जमतात. जागा ठरलेली, नेपियर टाउनातल्या मैत्रिणीचं घर. तिने बरगी धरणाकडच्या शाळेत मासेमारांची पोरं शिकवली. अजून तिला आम्ही मास्तरीण म्हणतो आणि अजून ती आम्हाला हात धुवायला लावते. यंदा आम्ही तिघेच होतो. बाकीचे कुणी लेकाकडे, कुणी दवाखान्यात, दोघे गेलेच.

मी वाटेत मटार घेतला होता. मटारवाल्याशी घासाघीस करून वर कोथिंबीर उकळली होती, त्यामुळे माझी तब्येत खूश होती. तिघे गच्चीवर उन्हात मटार सोलत बसलो. मित्राला दोन्ही कानांना यंत्र आहे. नोकरीची कितीतरी वर्षं तोफांच्या चाचणीवर गेली, त्यात कान गेले. सोलताना तो यंत्रं काढून खिशात ठेवतो. त्याला बाहेरचा आवाज टोचतो म्हणे.

मास्तरणीने सांगितलं, “हा पुढच्या आठवड्यात जाऊन राहिला. लेकाकडे, हैदराबादला. क्वार्टर सोडल्यावर घेतलेलं घरही विकलं.”

मला कुणी सांगितलं नव्हतं. मी चिडलो. म्हटलं, “अच्छा. म्हणजे परत न उठवता निघाला साहेब.”

त्याला ऐकू आलं नाही, पण माझं तोंड बघून कळलं असावं. दर वर्षी मी हे बोलतो. दर वर्षी तो कानाकडे बोट दाखवून हसतो आणि मी गप्प बसतो, कारण बहिऱ्याशी किती भांडणार.

यंदा मास्तरणीने त्याच्या गुडघ्यावर चापट मारली आणि खिशाकडे बोट दाखवलं. त्याने यंत्रं काढली, कानांत बसवली.

“बोल सेठ.”

“काहून उठवलं नाहीस त्या दिवशी? जायच्या आधी तेवढं सांगून जा.”

त्याने हातातली शेंग पूर्ण सोलली. मग म्हणाला, “आदल्या संध्याकाळी तुझे बाबा आले होते. दारातच उभे राहिले. म्हणाले, उद्या आमचं दार वाजवू नको.”

बाबा भरणी विभागात होते, जिथे गोळ्यात दारू भरतात. त्या दारूने त्यांची बोटं कायम पिवळी असायची. लहानपणी मला वाटे, बाबा कारखान्यात हळद कुटतात. तो पिवळेपणा साबणाने जात नसे, चिंचेने जात नसे. जेवताना ते वरणभात चमच्याने खात, आणि आमच्यासारख्या घरात चमच्याने खाणारे ते एकटेच होते.

“मी म्हटलं, काका, तो मला मारून टाकेल. तर म्हणाले, मारू दे. जिवंत असेल तरच मारेल ना. या घरातून कारखान्याला एकच माणूस मिळेल, दुसरा मी देत नाही.”

“सुपरवायझरची जागा होती ती. भरणीची नव्हती.”

“हे मी सांगितलं त्यांना. त्यांनी मला हात दाखवले. मग मी काय बोलू?”

मास्तरीण मटाराच्या टोपल्याकडे बघत होती. तिलाही माहीत होतं. मला आठवली ती चुलीपाशी बसलेली आई. उठलेली, चहा टाकलेली, आणि तरी मला हाक न मारलेली. आयुष्यभर मी लाकडातली कीड बाहेरून ओळखत आलो. हे मला कधी दिसलं नाही.

“बाबा जाऊन किती वर्षं झाली,” मी म्हटलं. “तेव्हा तरी सांगायचंस.”

“सांगणार होतो. पण तुझं दुकान त्या रागावर चालून राहिलं होतं, मी काहून पाणी ओतू? आणि मग,” तो हसला, “शिव्या द्यायला का होईना, तू दर वर्षी येत होतास. बाकीचे लोक तेवढ्यासाठीसुद्धा येत नाहीत रे.”

मास्तरणीने मटाराची उसळ केली. मी दोनदा वाढून घेतली. निघताना त्याला माझ्या गाडीतून घरी सोडलं. उतरताना त्याने काठी टेकली आणि माझ्या गाडीच्या दारावर दोन ठोके दिले. माझे बाबा रात्री खोकत गेले, पण म्हातारे होऊन गेले, आणि मी त्यांच्या उशाशी होतो, दोन्ही कान शाबूत घेऊन, गोऱ्या बोटांनी त्यांना पाणी पाजत. हे मला कुणी दिलं ते आता मला माहीत आहे.

पण म्हणून मी हे सोडणार नाही. बाबा गेले, आई गेली, त्यांना विचारता येत नाही. उरलास तू, मित्रा. माझ्या बापाचा दोष इतकी वर्षं तू आपल्या अंगावर कुणाच्या परवानगीने घेतलास? मला न विचारता माझ्या शिव्या खायचा हक्क तुला कुणी दिला? फोनवर तुला ऐकू येत नाही, तेव्हा फोनवर उरकायचा बहाणा चालणार नाही. पुढच्या थंडीत मटार आला की जबलपूरला ये, यंत्रं कानांत घाल, आणि माझ्यासमोर बसून याचा जाब दे.