ती गप्प बसली होती

माझ्या बायकोला बारा वर्षांपासून शुगर होती. इन्सुलिनची सुई घेऊन जेवायला उशीर झाला, शुगर उतरली, की तिचे हात थरथरायचे. मग मी लगेच साखरपाणी करून द्यायचो.

गेल्या उन्हाळ्यात बालाघाटच्या डॉक्टरांनी तिची बीपीची गोळी बदलली. "या गोळीनं थरथर दबू शकते, घामावर लक्ष ठेवा," असं त्यांनी बजावलं. मी मान हलवली आणि कटंगीची बस गाठायच्या घाईत ते विसरलो.

पंधरा दिवसांनी आमचं भांडण झालं. तिला तुमसरला बहिणीकडे जायचं होतं. "एवढ्या उनात काहून जायचं?" म्हणून मी ओरडलो. तिनं सुई घेतली होती, पण ताटावर न बसता ती ओसरीत जाऊन बसली.

थोड्या वेळानं मी हाक मारली, "चाल वं, जेवून घे." ती भिंतीकडे पाहत राहिली. कपाळावर घाम होता, पण मे महिन्यात घाम कोणाला येत नाही? हात मांडीवर स्थिर होते. मला वाटलं, अजून रुसली आहे. मी एकटाच जेवलो आणि आडवा झालो.

उठलो तेव्हा ती जमिनीवर कलंडली होती. शेजाऱ्यांच्या गाडीतून दवाखान्यात नेलं, पण शुद्ध आली नाही. तिसऱ्या दिवशी ती गेली.

मुलीनं विचारलं, "बाबा, आई शेवटी काही बोलली का?"

"हौ," मी म्हणालो, "तुलेच आठवत होती."

ओसरीत ती रागामुळे गप्प होती, की तिला बोलताच येत नव्हतं, ते मला अजून माहीत नाही.