लोधीखेड्याची गाडी

सौंसरला आमच्या शेजारी राहणाऱ्या भाऊंकडे लोक माळ्यावर गंजून पडलेली, चावीवर चालणारी खेळण्यातली इंजिनं आणून देतात. भाऊ त्यांना रॉकेलनं आंघोळ घालतात, शिलाई मशीनचं तेल पाजतात आणि चाकं घासायला वहिनींचा टूथब्रश पळवतात. मग कुंपणावरून ओरडतात, "सर, या लवकर, श्वास घेऊन राहिलं!"

त्यांचा नियम एकच. चावी दिली की गाडीला बोट लावायचं नाही. "सोताच्या दमानं गेली तं गाडी, नाही तं डबडं." मी एकदा अडलेल्या इंजिनाला टिचकी मारली, तर त्या दिवशी मला चहासुद्धा विचारला नाही.

परवा एक काळं, फार जुनं इंजिन मागे डबा ओढत ओसरीवर मांडलेल्या रुळांवरून धावू लागलं. रुळांच्या टोकाला काडेपेटी उभी होती, तेच लोधीखेडा स्टेशन. भाऊ नाचायचेच बाकी होते. तेवढ्यात वहिनी आल्या. टूथब्रशवरून आता भडका उडणार, असं मला वाटलं. पण त्यांनी सोललेलं अख्खं संत्रं डब्यात ठेवलं. लोधीखेडा त्यांचं माहेर.

"तिकडंच जाऊन राहिली ना? माह्या मायले द्या म्हणा."

त्या ओझ्यानं गाडी मध्येच थांबली. वहिनींचा चेहरा पडला. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं.

"सर, जरा तिकडं पाहा बरं."

मी मुकाट्यानं भिंतीकडे तोंड केलं. वळलो तेव्हा गाडी लोधीखेड्याला पोचली होती, वहिनी पोट धरून हसत होत्या आणि भाऊ छाती काढून म्हणत होते, "पाहा, सोताच्या दमानं गेली!"