पी अक्षरापुरतं इंग्रजी

मुलगी काखेत, निळी बाटली मुठीत, आणि मी शेजारच्या दारासमोर उभी. कडी वाजवायला हात वर नेला आणि खाली घेतला. परत नेला, परत खाली. मुलीच्या ओठावर अजून औषधाचा लाल ओघळ होता, मी तो पदरानं पुसला, जसं काही पुसल्यानं पोटातलं बाहेर येणार होतं.

आत्ताच तिला चमचाभर पाजलं होतं मी. माझ्याच हातानं. आणि बाटलीवर विष लिहिलेलं होतं.

राजधानी नागपूरची भोपाळला आली तेव्हा आम्हीही आलो. यांचं ऑफिस आलं म्हणून. नव्या क्वार्टरांना चुन्याचा वास, बाहेर काळी माती, चप्पल काढली की मातीच पायात यायची. नागपुरात ऑफिसच्या सामानाची वाटणी चालली होती, कुठले कागद मुंबई राज्याकडं, कुठले इकडं, आणि त्यात इंग्रजी-मराठीची एक जुनी डिक्शनरी उसवून पडलेली. कोणी घेईना. यांनी त्यातला एक गठ्ठा उचलून आणला, सगळा पी अक्षराचा. म्हणाले, "तू एवढं एकच अक्षर पक्कं कर. आमचं अर्धं ऑफिस पी वर चालतं." पेंडिंग म्हणजे लटकलेलं. प्रोव्हिजनल म्हणजे आहे पण उद्याचं सांगता येत नाही. परमनंट म्हणजे यांना जे व्हायचं होतं ते. आणि साहेबानं फायलीवर प्लीज स्पीक लिहिलं की समोर जाऊन बोलणी खायची. भाजी खारट झाली की हे ताटावरून माझ्याकडं बघून म्हणायचे, "प्लीज स्पीक." मला हसू यायचं.

मग राहिलेले कागद आणायला यांना परत नागपूरला पाठवलं, दोन महिने. मी आणि नऊ महिन्यांची मुलगी. दुपारी ती झोपली की मी रोज एक पान वाचायची, अक्षराला अक्षर जोडत. दुसरं बोलायला कोण होतं.

शेजारणी होत्या, मराठीच, पण सगळ्या शिकलेल्या. पहिल्याच दिवशी नळावर एकीनं सगळ्यांना विचारलं, तुम्ही किती शिकलात? जी ती मॅट्रिक म्हणाली. माझी पाळी आली आणि मीही म्हणाले. चौथी झालेय मी. पण बादली भरेपर्यंत खोटं बोलून झालं होतं.

मुलीला खोकला झाला. दवाखान्यात बाटली आपलीच न्यावी लागते, कंपाउंडर औषध भरतो आणि खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवतो, एक खाच एक डोस. माझ्याकडं बाटली नव्हती. जुमेरातीच्या बाजारात भंगारवाल्याकडून घेतली, निळी, अंगावर उठलेल्या उभ्या रेघा. मला बरं वाटलं, तेलकट हातातून निसटणार नाही. राखेनं तीनदा घासली. गर्दी एवढी की कंपाउंडरनं वर न बघता भरून दिली.

त्या दुपारी तिला डोस दिला आणि पान उघडलं. पॉइंट. पॉइंट ऑफ ऑर्डर, सभेत उठून हरकत घेणे. त्याच्याखाली एक शब्द, अर्थ विष. बाटली मांडीजवळच होती. अंगठ्याखाली काचेत उठलेली अक्षरं लागली. पहिलं पी. मग गोल. मी पानावर एक बोट ठेवलं, काचेवर एक, आणि शेवटपर्यंत तीच अक्षरं.

आणि तरी मी त्या दाराशी उभी राहिले. मुलगी डोळे मिटायला लागली तेव्हा कडी वाजवली.

"झोपले होते हो," शेजारच्या वहिनी म्हणाल्या. "काय झालं?"

"हे वाचता का जरा?"

"तुम्हीच वाचा की. तुम्ही तर मॅट्रिक."

"मला नाही येत. चौथी झालेय मी. हे विष आहे का तेवढं सांगा."

त्यांनी बाटली उजेडात धरली आणि माझ्याकडं बघितलं, मग पायात चपला सरकवून सरळ टांगा आणायला पळाल्या.

दवाखान्यात कंपाउंडरनं वास घेतला, बोट बुडवून जिभेवर ठेवलं. "बहनजी, शीशी आपकी, दवा मेरी. लो, मैं भी मर गया." बाकावरची माणसं हसली. मग हळू विचारलं, "धोई थी?" तीन बार, मी म्हणाले. तो म्हणाला, चिंता नको. डॉक्टरांनी तरी संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं. वहिनींची मुलं शाळेतून यायची वेळ झाली, त्या गेल्या. मी मुलीच्या नाकाशी बोट धरून बसले, श्वास लागतोय का बघत. तिला काही झालं नाही. भूक लागून रडली तेव्हा मी रडले.

दुसऱ्या दिवशी मी नळावर गेले. एकीनं माझी बादली पुढं सरकवली, आधी तुम्ही भरा म्हणाली, लहान मुलीला म्हणतात तसं. त्यानंतर मला कोणी काही विचारलं नाही.

यांचं पत्र आलं, पी कुठपर्यंत आला? मी लिहिलं, पुढं चाललाय, मुलगी बरी आहे. बाटलीचं लिहिलं नाही. बाटलीचं एक वेळ सांगता आलं असतं. पण त्या दाराशी मी किती वेळ उभी होते ते कसं लिहू? मुलीच्या पोटात काय गेलंय माहीत नाही, आणि मी माझी चौथी झाकत उभी. विष खरंच असतं तर तेवढ्या वेळात गेलीच असती ती.

तुम्ही माझ्या जागी असता तर पहिल्यांदा हात वर गेला तेव्हाच कडी वाजवली असती का?