पाटीवरचे सातशे तेवीस

हेलिकॉप्टरमधून पाव उतरताना दिसला की कापितोलिनाला मळमळायचं. प्लास्टिकात गुंडाळलेला, दगडासारखा गोठलेला पाव! मुख्य भूमीवर कुठल्यातरी कारखान्यात कोण जाणे कधी भाजलेला. तो खायचा सोन्याच्या नव्या खाणीतल्या कामगारांनी. आणि खाणीपासून चार किलोमीटरवर, सुखोय क्ल्यूच वस्तीत, हिची भट्टी रोज पहाटे पेटलेली. बत्तीस वर्षं पाव भाजत होती ती. खाणवाल्यांनी एकदा साधी चौकशीसुद्धा केली नाही.

"गरम पाव सोसत नसेल मेल्यांना," ती म्हणायची आणि थुंकायची.

रशियाच्या अतिपूर्वेच्या टोकाला, कोलिमात, समुद्र ओलांडावा लागत नसला, तरी उरलेल्या देशाला सगळे मुख्य भूमीच म्हणतात. तिकडे गेलेला माणूस परत येत नाही. वस्तीत एकेकाळी चार हजार माणसं होती, आता उरली होती त्र्याऐंशी. बाकीची तिकडे तरी गेली, नाहीतर टेकडीवरच्या कबरस्तानात. जानेवारीत म्हातारा प्रोखोर गेला. रीतीप्रमाणे चाळीस दिवस त्याच्या खिडकीत व्होडकाचा ग्लास होता आणि ग्लासवर काळ्या पावाचा तुकडा. तो तुकडाही कापितोलिनाच्याच भट्टीतला.

सावेलीचा ग्लास मात्र तिला इतक्यात भरायचा नव्हता. सावेली तिचा नवरा, जुना बुलडोझर ड्रायव्हर. छातीचं यंत्र पार खिळखिळं झालेलं. गेल्या हिवाळ्यात दोनदा त्याचे ओठ निळे पडले, आणि दोन्ही वेळा समोरच्या दवाखान्यातून रिम्मा नर्स गाउनवरच धावत आली, सुई टोचली, त्याला परत आणला. दवाखाना म्हणजे एक खोली, एक खाट आणि रिम्मा. पण वस्ती शंभराच्या खाली गेली की तोही बंद, असा नियम; फक्त वरून कागद यायचा बाकी होता.

म्हणून तर वसंतात जिल्ह्याचे विकास अधिकारी वादिम रोबेर्तोविच आले, तेव्हा कापितोलिनाने त्यांना स्वतःच्या हातची कोबीची कचोरी खाऊ घातली होती. तीन खाल्ल्या त्या माणसाने, बोटं चाटून!

"काळजी सोडा, कापितोलिना येगोरोव्हना," ते म्हणाले होते. "खाणीत सहाशे चाळीस माणसं आलीत. ती तुमच्यातच धरणार. उत्तरेची लोकसंख्या वाढतेय!"

आणि खरंच, ऑगस्टमध्ये वस्तीच्या तोंडाशी लोकसंख्येची नवी पाटी आली, कापडाने झाकलेली. अनावरणाला टीव्हीवाले येणार. पाहुण्यांचं स्वागत पाव-मिठाने करायचं, ते काम अर्थात कापितोलिनाकडे, सगळ्यांच्या कापामावशीकडे. तिने गोल पाव भाजला, वर पिठाची वेणी घातली, आईने कशिदा भरलेला टॉवेल इस्त्री केला.

त्याच सकाळी रिम्मा हातात कागद घेऊन भट्टीवर आली.

"मावशी, मंगळवारी मला न्यायला हेलिकॉप्टर येतंय. दवाखाना बंद."

"बंद? अगं, पाटीवर सातशे तेवीस लिहिलंय! मी कापड उचलून बघितलंय!"

"कागदावर त्र्याऐंशीच आहेत."

कापितोलिना एप्रनवरच वस्तीच्या क्लबात गेली; वादिम रोबेर्तोविच तिथे उतरले होते. साहेब नाश्त्याला बसले होते, ओठांना आंबट साय लागलेली.

"साहेब, पाटीवर सातशे तेवीस आणि दवाखान्याला त्र्याऐंशी? मधली माणसं कुठं गेली?"

"असं आहे," ते तोंड पुसत म्हणाले, "खाणीतले लोक पाळीवर येतात, पाळीवर जातात. ते इथे उपस्थित आहेत, रहिवासी नाहीत. पाटी उपस्थितांची. दवाखाना रहिवाशांचा."

"आणि माझा नवरा?"

"त्यांना मुख्य भूमीवर हलवा ना. हवा चांगली आहे तिकडे. बरं, अकरा वाजता पाव तयार ठेवा. आणि जरा हसऱ्या चेहऱ्याने हं!"

शिसारी आली तिला. त्या सायीची, त्या 'हं'ची, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या त्या तीन कचोऱ्यांची.

अकरा वाजता कॅमेरा सुरू झाला. टाळ्या. कापड सरकलं, सातशे तेवीस झळकले. कापितोलिना पुढे आली. हातात ताट, वर भरलेला टॉवेल. साहेबांनी हसत टॉवेल उचलला.

ताटात व्होडकाचा ग्लास होता. त्यावर काळ्या पावाचा तुकडा.

मागे उभ्या म्हाताऱ्यांनी बघितलं आणि एकेकाने डोक्यावरची टोपी काढली. कुणी सांगितलं नव्हतं. हात आपोआप वर गेले.

"हे... हे तर मयताचं," साहेब पुटपुटले. "कोण गेलं?"

"अजून कुणी नाही," ती म्हणाली. "अजून माझा सावेली रहिवासी आहे. तुम्ही त्याला लवकरच उपस्थितांतूनही काढाल. बंद का झाला कॅमेरा? घ्या की चित्र!"

वेणीचा तो गोल पाव तिने प्रोखोरच्या कुत्र्यांना घातला. त्यांनी निदान शेपटी तरी हलवली.

जाण्याआधी रिम्माने तिला सुई द्यायला शिकवलं, पिठाच्या गोळ्यावर. सहा इंजेक्शनं मागे ठेवली आणि रडत गेली.

शनिवारी दुपारी टीव्हीवर अनावरण दाखवलं. पाटी इथलीच. पण पाव-मीठ घेऊन पुढे आली कुणीतरी गोरी पोरगी, डोक्यावर फुलांचा मुकुट, कुठल्यातरी दुसऱ्याच समारंभातली.

"कापा!" सावेली खो-खो हसत सुटला. "काय तरुण झालीस गं! हा मुकुट कुठनं आणलास?"

तीही हसली. चांगलं महिनाभरानं हसली. तो हसत राहिला, मग खोकायला लागला, मग नुसताच हाताने खुर्ची चाचपत राहिला. ओठ निळे.

कापितोलिनाने खिडकी ढकलली आणि जीव खाऊन हाक मारली, "रिम्मा!"

समोरच्या दारावर आडवी फळी ठोकलेली होती.