आत्याच्या गाडीचा गिअरबॉक्स

तीन महिन्यांपूर्वी एका रविवारी सकाळी आत्याची गाडी गंगापूर रोडच्या सिग्नलला थांबली, ती पुन्हा निघालीच नाही. सिग्नल हिरवा झाला, इंजिन गुरगुरलं… गाडी जागच्या जागी. मागून हॉर्न सुरू झाले. आत्याने खिडकीतून हात काढून सगळ्यांना पुढे जायला सांगितलं, वर्गाबाहेर पोरं काढावीत तसं.

गाडी अमेरिकन आहे. दोन दारं, आठ सिलिंडर, पलंगाएवढं बॉनेट, स्टिअरिंग डावीकडे. कॉलेजात गणित शिकवणाऱ्या बाईंकडे अशी गाडी कशी, हे लोक अजून विचारतात.

उत्तर सोपं आहे. लहानपणी पोलिओ झाला आणि आत्याचा डावा पाय गेला. क्लच दाबता येत नाही. आत्याने गाडी घेतली त्या काळात बिनक्लचची गाडी शोरूममध्ये मिळत नव्हती, देवळालीच्या एका पारशी गृहस्थांकडे ही एक होती. आत्याला ना वेग हवा होता, ना रुबाब… पेडल दोनच हवी होती.

आता ऑटोमॅटिक गाड्या गल्लोगल्ली दिसतात. मी तिला एक सुचवूनही पाहिली. "चांगली असेल," म्हणाली, आणि पेपर उघडला.

द्वारका चौकाजवळ सलीमभाईंचं गॅरेज आहे. जुन्या जीप दुरुस्त करण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही, असं ऐकलं होतं. गाडी ओढत तिथे नेली. गिअरबॉक्सचं ऑइल काळं पडलेलं, करपल्याचा वास, तळाशी चहाच्या चोथ्यासारखा गाळ… आतल्या प्लेटा जळल्या होत्या.

"मॅडम, याचा माल इथं नाय भेटणार. जीपचा गिअरबॉक्स बसवून देतो. साधा, क्लचवाला. आठ दिवसांत गाडी रोडवर."

मला आनंद झाला. हे इथेच कबूल करतो. आठ सिलिंडर आणि हातात गिअर… कॉलेजपासून मनात होतं. आत्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. "बसवा," म्हणाली. "उभी राहून गंजण्यापेक्षा बरं. हा चालवेल."

दोन दिवसांनी क्लचच्या पेडलची जागा ठरवायला सलीमभाईंनी बोलावलं. मी स्टिअरिंगसमोर बसलो. पायाजवळच्या पत्र्यावर त्यांनी खडूने फुली मारली. "इथं भोक पाडतो. पाय पोचतो ना?" पोचत होता.

तेवढ्यात आत्या दुसऱ्या बाजूने बसायला गेली… आणि अडली.

आपल्या बाजूने बसताना ती उजवा पाय आत टाकते, मग डावा दोन्ही हातांनी उचलून घेते. इतक्या वर्षांची सवय. इथे सगळं उलट. डावा पाय आधी न्यायचा, तर तो उचलायला दोन्ही हात लागतात, मग आधार कशाचा घ्यायचा? पायाला बांधलेलं लोखंडी कॅलिपर दाराला आपटलं. "या बाजूचं गणितच वेगळं दिसतंय," ती हसत म्हणाली. पण बसता येईना.

सलीमभाईंनी आत्याची काठी पाहिली होती, ती म्हातारपणाची समजले होते. आता त्यांनी पाय पाहिला.

"मॅडम, मग क्लच कोण दाबणार?"

"हा दाबेल."

"अन् तुम्ही?"

"मी शेजारी बसेन. म्हणजे… जमलं तर."

सलीमभाई वाकले आणि चिंधीने खडूची फुली पुसून टाकली. "गाडी तुमची अन् तुम्हीच पॅसेंजर? हे काम मी नाय करत. दुसरा मिस्त्री बघा." मग माझ्याकडे वळले. "नायतर असलाच गिअरबॉक्स शोधून आणा. कधी बसवला नाय. शिकतो मी."

मी स्टिअरिंगसमोरून उतरलो. त्यांच्या आधी हे मी बोलायला हवं होतं.

पुढचे तीन आठवडे मी फोन केले. शेवटी येवल्याला एका पैठणीच्या व्यापाऱ्याच्या परसात त्याच कंपनीची एक गाडी सापडली. चार दारांची, इंजिन नाही, मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसलेली. गिअरबॉक्स मात्र शाबूत. नवी सील आणि प्लेटा परदेशातून मागवल्या. कोंबडीला हलवलं नाही.

बसवायच्या दिवशी आत्या स्टुलावर मॅन्युअल घेऊन बसली. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये टॉर्क कन्व्हर्टर नावाचा एक जड डबा येतो. तो फिरवत फिरवत गिअरबॉक्सवर सरकवायचा, तीन टप्प्यांत आत बसतो. अर्धवट राहिला आणि बोल्ट आवळले, तर आतला पंप फुटतो… म्हणजे पुन्हा येवला, आणि तिथे दुसरी गाडी नव्हती.

"दोनदा खट्ट झालं मॅडम. बसला."

"तीनदा व्हायला हवं."

"आता याच्यापुढं जातच नाय."

"मोजणं हे माझं काम आहे, सलीमभाई. एक राहिलाय."

सलीमभाईंनी घाम पुसला, पुटपुटत डबा पुन्हा फिरवला. पाव फेरा, अर्धा फेरा… खट्ट. डबा बोटभर आत गेला. सलीमभाईंनी आत्याकडे पाहिलं, मग डब्याकडे. "बाई, तुमच्या वर्गात पोरं गप बसत असतील."

"छे. नावं ठेवायची."

परवाच्या रविवारी गाडी बाहेर काढली. आत्या स्टिअरिंगवर, शेजारी सलीमभाई, मागे गुडघे हनुवटीला लावून मी. त्या गाडीची मागची सीट नावापुरतीच आहे. गंगापूर धरणाच्या रस्त्यावर दुसरा गिअर पडला, मग तिसरा… आवाज बदलला म्हणून कळलं, एवढंच. सलीमभाई डोळे मिटून ऐकत होते.

मला वाटत होतं, मी आत्यासाठी गाडी वाचवायला निघालोय. खरं तर मी तिच्याकडून ती काढून घेत होतो, आणि ती देतही होती. एका अनोळखी माणसाने मला अडवलं. त्यांचे आभार कसे मानायचे, अजून सुचलेलं नाही.

धरणावर चहा पिताना मी आत्याला विचारलं, येताना मी चालवू का?

"बघू," ती म्हणाली.

येतानाही तिनेच चालवली.